तारा शाबूत, दात डागाळलेले

पार्श्वभूमी

हे प्रकरण १४ वर्षांच्या एका मुलीचे आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी पालकांची संमती घेतली आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जिथे पावसाळा दांडगा असतो आणि भाताबरोबर रताळी-बटाट्याचे पीक निघते, अशा एका गावात तिचे घर आहे. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) पाळीने कामाला जातात, आई घर आणि शेत दोन्ही पाहते आणि घरी आजी असते. मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववीत शिकत होती व रोज बसने ये-जा करीत होती. शाळेत शिकल्यामुळे ती कन्नड बऱ्यापैकी वाचते. आईला कन्नड बोललेले समजते, परंतु वाचता केवळ मराठी येते. सीमाभागातील घरांत ही अगदी साधी गोष्ट आहे आणि कदाचित म्हणूनच दवाखान्यात आम्ही तिची दखल घेतली नाही.

मी बेळगावात सामान्य दंतवैद्य म्हणून काम करतो. वेडेवाकडे दात सरळ करण्याचे उपचार माझ्या दवाखान्यात बाहेरून येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट करतात. ते महिन्यातून दोन शनिवार येतात. तारा बसवणे, बदलणे व आवळणे हे त्यांचे काम, तर दातांची सफाई, कीड भरणे आणि एरवीची देखभाल माझ्याकडे, अशी कधीही कागदावर न आलेली वाटणी आमच्यात होती. लहान शहरांतील पुष्कळ दवाखाने याच पद्धतीने चालतात.

उपचाराची सुरुवात

मुलीचे वरचे दोन्ही सुळे जागेअभावी हिरडीत उंच चढले होते आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर आले होते. तिची स्वतःची तक्रार मात्र एकच होती. शाळेच्या फोटोत तिला तोंड मिटूनच उभे राहावे लागत असे. क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे घेतल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टनी चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढून मिळालेल्या जागेत बाकीचे दात सरकवण्याची योजना मांडली आणि अंदाजे २० महिन्यांचा कालावधी सांगितला. वरचा दात काढला की नजर जाते ही समजूत आजीने बोलून दाखवली. दाताच्या मुळाशी जाणाऱ्या नसेचा डोळ्याच्या दृष्टीशी संबंध नसतो हे चित्र काढून समजावल्यावर ती गप्प झाली, तिला पटले असे मात्र म्हणता येणार नाही. फी हप्त्यांनी देण्याचे ठरले.

पहिल्या तपासणीत हिरड्यांना सळई हलकेच लावताच रक्त येत होते. दोन दाढांत कीड होती. मी दातांवरचे किटण काढले, दाढा भरल्या, घासण्याची पद्धत दाखवली आणि दोन आठवड्यांनी आलेल्या शनिवारी वरच्या जबड्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, चिकटवले गेले. मधल्या काळात तिचे घासणे खरोखर सुधारले की नाही, हे मी पुन्हा तपासले नाही. पहिला हप्ता भरला गेला होता, शाळेला सुट्टी होती आणि तो शनिवार चुकला असता तर पुढचा महिना लागला असता. या प्रकरणातील पहिला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हे त्या वेळी आम्हाला जाणवलेही नाही.

सूचनांचा कागद दिला तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेला होता. तोंडी सूचना मराठीतच झाल्या, पण घाईत, खुर्चीवरून उठता उठता. त्यातली जी सूचना मुलीच्या आणि घरच्यांच्या मनावर ठसली ती अशी: कडक काही खायचे नाही, नाहीतर ब्रॅकेट सुटेल आणि पुन्हा बसवण्याचे वेगळे पैसे पडतील. ही सूचना त्यांनी अक्षरशः पाळली.

अडचण कशी लक्षात आली

पहिले सहा महिने मुलगी नेमाने आली. त्या काळात तिचे एकही ब्रॅकेट सुटले नाही. ज्यांनी असे रुग्ण हाताळले आहेत त्यांना याचे अप्रूप कळेल, कारण आमच्याकडे ऊस दाताने सोलणारी, चिंचेचे चिंचोके फोडणारी मुले दर महिन्याला दोन-दोन ब्रॅकेट हातात घेऊन येतात. ऑर्थोडॉन्टिस्ट तिचे उदाहरण इतरांना देऊ लागले. तिच्या केस-पेपरवर सहा वेळा 'सहकार्य उत्तम' असा शेरा आहे. हिरड्यांविषयी त्या सहा नोंदींत एकही शब्द नाही.

त्यानंतर दोन भेटी चुकल्या. भात कापणीचे दिवस होते आणि फाउंड्रीत जादा काम मिळत नसल्याने हप्ता थकला होता, असे पुढे कळले. हप्ता नसेल तर जायचे नाही, असे घरच्यांनी परस्पर ठरवले होते. हप्ता थकला तरी तपासणी थांबत नाही हे आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

नवव्या महिन्यात ती आली तेव्हा वरच्या हिरड्या सुजून ब्रॅकेटच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि कापसाचा बोळा लागला तरी रक्त येत होते. तार काढून दात स्वच्छ केले आणि हवेच्या फवाऱ्याने कोरडे केले, तेव्हा वरच्या चार व खालच्या दोन दातांवर, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत, खडूसारखे पांढरे अर्धचंद्राकार डाग दिसले. वरच्या सुळ्याशेजारच्या एका दातावर डागाचा पृष्ठभाग खरखरीत होऊन लहानसा खड्डा पडला होता.

पांढरा डाग म्हटला की पाण्यातल्या फ्लोराइडची शंका कर्नाटकात साहजिकच येते, कारण राज्याच्या काही जिल्ह्यांत भूजलात त्याचे प्रमाण जास्त आहे. परंतु त्या विकारातील डाग दात हिरडीतून वर येतानाच असतात आणि दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर साधारण सारखेच, आडव्या रेषांसारखे किंवा ढगांसारखे उमटतात. हिचे डाग ब्रॅकेटची कड धरून होते आणि उपचारापूर्वी काढलेल्या फोटोंत ते दात स्वच्छ होते. ते फोटो नसते तर हा वाद दवाखान्यात बराच रेंगाळला असता आणि कदाचित दोष पाण्याच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो असतो.

हे डाग म्हणजे किडीची पहिली पायरी. दातावर साचलेल्या चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या टणक बाह्य आवरणातील, खनिज विरघळू लागते, लाळ ते हळूहळू परत भरते आणि पुन्हा काही गोड खाल्ले की चक्र नव्याने सुरू होते. ब्रॅकेटभोवती जीभ, गाल आणि लाळ यांची नैसर्गिक सफाई पोचत नाही, त्यामुळे थर सतत राहिला तर चार आठवड्यांतही डाग डोळ्यांना दिसू शकतो. आमच्या रुग्णाला नऊ महिने मिळाले होते.

खाण्याची चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. कडक नको म्हणून शेंगदाणे, पेरू, काकडी, भाजलेली कणसे आणि कडक भाकरी बंद झाली होती. त्यांच्या जागी चहात बुडवलेली बिस्किटे, पाव, केळी आणि पाहुणे आले की कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) आला होता. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिला खायला देणारी आजी तपासणीला सोबत आली होती. ती म्हणाली, "तुम्हीच मऊ खा म्हणालात की ओ, म्हणून बिस्किटं आणून ठेवते मी." तिच्या बोलण्यात काहीही खोटे नव्हते. आम्ही ब्रॅकेट वाचवण्याची सूचना दिली होती आणि ब्रॅकेट वाचले होते.

समोर असलेले पर्याय

त्या शनिवारी आम्ही दोघे दवाखाना बंद झाल्यावर तासभर बसलो. उपदाढांच्या जागा निम्म्याहून थोड्या अधिक भरल्या होत्या आणि सुळे खाली उतरले होते, पण ओळीत आले नव्हते.

कडक समज देऊन उपचार तसाच पुढे चालू ठेवावा, हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि खरे सांगायचे तर एरवी आम्ही तोच धरला असता. पण समज आधीही दिली होती. खड्डा पडलेला दात आणि पाच डाग घेऊन आणखी ११ महिने तारा ठेवणे म्हणजे सरळ दातांसाठी दातच पणाला लावण्यासारखे होते.

सगळे काढून टाकावे, असे ऑर्थोडॉन्टिस्टचे पहिले मत होते. दातांच्या प्रकृतीचा विचार केला तर त्यात तथ्य होते. माझा आक्षेप असा की चार निरोगी उपदाढा काढून झाल्या होत्या. अर्ध्यावर सोडले असते तर मुलीला जागोजागी फटी, न जुळणारा चावा आणि वर डाग, असे तिहेरी नुकसान पदरात घेऊन जावे लागले असते. उपचार सुरू करण्यापूर्वी 'नको' म्हणणे आणि दात काढल्यानंतर 'नको' म्हणणे यांत हा फरक आहे. तारांऐवजी दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांचा विचार झाला, पण तो खर्च या घराला झेपणारा नव्हता, आणि दिवसभर साचे घालून ते केवळ जेवताना काढण्याची शिस्त तिथेही लागतेच.

उरला तो थांबण्याचा पर्याय. ब्रॅकेट तसेच ठेवायचे, पण दात सरकवणारा जोर काढून दात आहेत तिथे धरून ठेवणारी साधी तार घालायची, सहा ते आठ आठवडे केवळ हिरड्या आणि सफाई यांवर काम करायचे आणि मग पुन्हा तपासून निर्णय घ्यायचा. सुधारणा दिसली नाही तर सगळे काढायचे, हेही आधीच सांगून टाकायचे. हा पर्याय आम्ही निवडला. वडिलांना ही अट मान्य होती. त्यांचा प्रश्न वेगळा होता: या दोन महिन्यांचा हप्ता द्यायचा का? आम्ही नाही म्हटले. उरलेल्या उपचारातील त्यांच्या विश्वासाला हे उत्तर माझ्या कोणत्याही समजुतीपेक्षा जास्त उपयोगी पडले असावे.

काय केले

सगळे दात पुन्हा साफ करताना दोन ब्रॅकेटच्या कडेने चिकटवण्याच्या सिमेंटचा जास्तीचा थर बाहेर राहिलेला आढळला. अशी खरखरीत कड म्हणजे जंतूंना बसायला ओटाच. ही चूक सर्वस्वी आमची होती आणि ती मुलीच्या आईला तशीच सांगितली. थर घासून काढला, खड्डा पडलेला दात फ्लोराइड सोडणाऱ्या सिमेंटने भरला आणि सर्व दातांवर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा वार्निश लावला. तो दर तीन महिन्यांनी लावण्याचे ठरले. सूज उतरेपर्यंत दोन आठवडे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने चूळ भरण्यास सांगितले. त्याहून जास्त दिवस ते वापरू दिले नाही, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग चढतात आणि हिच्या दातांना आणखी डाग परवडणारे नव्हते.

त्यानंतर प्रथमच दातांवरचा थर रंगवणारे द्रावण तिच्या तोंडात फिरवून आरसा तिच्या आणि आईच्या हातात दिला. ब्रॅकेटच्या वरची हिरडीलगतची पट्टी गडद गुलाबी झाली होती, तर ब्रॅकेटचा समोरचा भाग लख्ख होता. म्हणजे मुलगी घासत होती. ती रोज इमानाने धातू घासत होती. ब्रशचे केस आधी हिरडीकडे तिरके धरून ब्रॅकेटच्या वर, मग खालून ब्रॅकेटच्या खाली आणि शेवटी तारेखालून बारीक ब्रश, हा क्रम आईने आधी स्वतः साच्यावर करून पाहिला.

घासायचे कधी, यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. रात्री का घासत नाहीस या प्रश्नाला मुलगी तीन वेळा 'विसरते' म्हणाली. आईने मात्र सांगितले की न्हाणीघर परसात आहे, तिथला दिवा बंद पडला आहे आणि पावसाळ्यात रात्री तिकडे एकटीने जायला ती घाबरते. नऊ महिने आम्ही ज्याला आळस समजत होतो तो अंधार होता. तोडगा आईनेच काढला: रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या मोरीवर, तिथेच खिळ्याला छोटा आरसा टांगून. घरात वापरात असलेली पेस्ट बिनफ्लोराइडची होती आणि अधूनमधून लाल दंतमंजनही चालत असे. ते थांबवून साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली साधी पेस्ट घ्यायला सांगितली. ती महाग नव्हती, गावातल्या दुकानात मिळत होती, केवळ वेष्टनावर काय पाहायचे ते कुणी दाखवले नव्हते. घासल्यावर पेस्ट थुंकायची पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, ही सूचना आजीला विचित्र वाटली आणि अजूनही वाटते. दुपारी शाळेतून आल्यावर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाने एकदा चूळ, म्हणजे घासण्याची वेळ सोडून वेगळ्या वेळी, असे ठरले.

खाण्याची चार दिवसांची नोंद आईने जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मराठीत केली. त्यात दिवसाला सरासरी सात वेळा काहीतरी गोड तोंडात जात होते. सात वेळा म्हणजे दाताला खनिज परत मिळवायला सवडच नाही. गोड पूर्ण बंद करण्याचा आग्रह मी धरला नाही, कारण तो पाळला जात नाही. बिस्किटे जेवणाला जोडून, चहा दोनच वेळा, संध्याकाळी बिस्किटांऐवजी उकडलेले रताळे किंवा मऊ भाकरीचा तुकडा आणि दही, आणि पेरू-काकडी पुन्हा सुरू, पण दाताने तोडून नव्हे, तर बारीक फोडी करून. यातले बहुतेक पर्याय आजीने सुचवले.

निष्पत्ती

सात आठवड्यांनी रंगद्रावण पुन्हा लावले. थर बराच कमी होता, रक्त केवळ दोन ठिकाणी आले आणि सूज उतरली होती. ऑर्थोडॉन्टिस्टनी जोराची तार पुन्हा घातली. पुढच्या प्रत्येक भेटीत तार बदलण्यापूर्वी मी हिरड्यांची नोंद करायची आणि नोंद नसेल तर त्यांनी तारेला हात लावायचा नाही, असे ठरले. ही नोंद दोनदा खराब आली. एकदा दहावीच्या परीक्षेच्या काळात, आणि एकदा लग्नसराईत. दोन्ही वेळा तार न आवळता तिला तीन आठवड्यांनी बोलावले.

उपचार २० ऐवजी २७ महिने चालला. दात ओळीत आले, चावा जुळला. ब्रॅकेट काढल्यावर पांढरे डाग उघडे पडले. तेव्हा लगेच त्यांवर तीव्र फ्लोराइड लावण्याचा मोह टाळला, कारण त्याने वरचा पापुद्रा बंद होऊन आतला पांढरेपणा तसाच अडकून राहू शकतो. साध्या पेस्टवर सहा महिने वाट पाहिली. पाचपैकी तीन डाग इतके फिके झाले की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. वरच्या दोन दातांवरचे डाग हसताना दिसतात. खड्ड्याच्या जागी दाताच्या रंगाचे सिमेंट भरले आहे. डागांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखे घट्ट होणारे द्रव्य) मुरवण्याचा उपाय सांगितला, परंतु मुलीने तूर्त नको म्हटले. तिच्या म्हणण्याप्रमाणे लांबून काढलेल्या फोटोत ते येत नाहीत. रात्री रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचे साधन) ती घालते, एकदा हरवला तेव्हा स्वतः फोन करून आली.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते निर्णायक चूक नवव्या महिन्यातील नव्हे, तर दुसऱ्या आठवड्यातील होती. रंगद्रावणाची जी चाचणी आम्ही नुकसान झाल्यावर केली ती दात काढण्यापूर्वी दोनदा करायला हवी होती, कारण तोपर्यंत सगळ्याच वाटा मोकळ्या होत्या. दुसरी चूक मोजमापाची. ब्रॅकेट सुटले की आमचे काम वाढते, म्हणून ते आम्हाला दिसते. हिरडी सुजली की ते काम कुणाचेच नसते. दोन डॉक्टर एका तोंडाकडे पाहत असताना दोघांनाही आपला अर्धाच भाग दिसत होता, आणि मधला तीन मिलिमीटरचा पट्टा, जिथे डाग पडले, तो कुणाच्याच वाटणीला आला नव्हता.

सूचनापत्रक आता मराठीत आहे. पहिला मसुदा मी याच मुलीच्या आईला वाचायला दिला होता. 'कडक व चिकट पदार्थ टाळावेत' या वाक्याखाली तिने पेन्सिलीने विचारले होते, "मग द्यायचे काय?" त्या पत्रकाचा निम्मा भाग आता या प्रश्नाच्या उत्तराला दिला आहे.

एका बाबतीत मात्र माझे मन अजून ठरलेले नाही. दोन लागोपाठ तपासण्यांत थर आटोक्यात दिसल्याशिवाय तारा बसवायच्या नाहीत, असा नियम आम्ही केला. कागदावर तो निर्दोष आहे. पण ज्या घरात नळ आत आहे, आरसा आहे आणि आईला सोबत बसायला वेळ आहे, तिथली मुले तो सहज पार करतात. खानापूरकडचा एक मुलगा गेले चार महिने या नियमात अडकून बसला आहे. तो आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतो, रात्री नळाला पाणी नसते, आणि दर भेटीला त्याची पट्टी गुलाबीच निघते. येत्या शनिवारी तो पुन्हा येणार आहे. वसतिगृहाच्या रेक्टरांना द्यायची चिठ्ठी मी कन्नडमध्ये लिहून ठेवली आहे.